पॅन कार्डचा फोटो अनोळखी माणसाला पाठवायच्या आधी हे वाचा

टेलिग्रामवर घरबसल्या कामाची जाहिरात येते, समोरचा गोड बोलतो आणि पगार जमा करायचाय म्हणून पॅन कार्डचा फोटो मागतो, आणि लोक बिनधास्त पाठवतात, कारण पॅन तर सगळीकडेच देतो ना आपण. मला याची खरंच काळजी वाटते, कारण पासवर्ड गेला तर बदलता येतो, पॅन आयुष्यभर तोच राहतो. दुसरं काढून ठेवू म्हणाल तर दोन पॅन बाळगल्याबद्दल 10,000 रुपये दंड होऊ शकतो.

कार्ड हातात घेऊन नीट बघा. नंबर, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही, सगळं एकाच जागी. आता इन्कम टॅक्सच्या पोर्टलवरून एआयएसची पीडीएफ डाउनलोड करा, म्हणजे वर्षभराचं व्याज, डिव्हिडंड, शेअरचे व्यवहार असलेली फाइल, तिचा पासवर्ड काय असतो? पॅन स्मॉल अक्षरात आणि पुढे जन्मतारीख. म्हणजे ती फाइल कुणाच्या हाती लागली आणि तुमच्या कार्डाचा फोटोही त्याच्याकडे असला तर कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याचंच.

दुरुपयोग कसा होतो तर सगळ्यात जास्त त्रास लोन ॲपचा. फेब्रुवारी 2022 मध्ये सनी लिओनीने ट्विटरवर सांगितलं होतं की आपल्या पॅनवर कुणीतरी 2000 रुपयांचं लोन काढलं आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याबद्दलची तुमची पत दाखवणारा आकडा, बिघडला. रक्कम छोटी, पण हप्ता थकला की तुमचं खरं होमलोन अडकतं. दुसरं म्हणजे तुमच्या नावावर बोगस जीएसटी नोंदणी. तिसरं, वर्षाला 1 लाखाच्या वर घरभाडं दाखवून एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसूट) घ्यायचा असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, तिथे कुणीतरी तुमचा टाकून देतो आणि तुम्हाला न मिळालेल्या भाड्याबद्दल विचारणा येऊ शकते.

मग द्यायचा कधी? आधी विचारा, कशासाठी हवाय. जुना सोफा विकताना नको, इंटरव्ह्यूच्या आधी नको, लॉटरी किंवा बक्षिसासाठी तर मुळीच नको. जॉइन झाल्यावर कंपनीला टीडीएससाठी, म्हणजे पगारातून आधीच कापल्या जाणाऱ्या करासाठी लागतो, तेव्हा द्यायचाच, नाहीतर टीडीएस 20 टक्क्यांनी कापू शकतात. खरा भाडेकरू एचआरएसाठी मागत असेल तर भाडेपावतीवर फक्त नंबर लिहून द्या, कार्डाचा फोटो कशाला? आणि कॉपी द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कुणाला दिली, कशासाठी, तारीख, अक्षरं फोटोवरून आणि सहीवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कुणीही क्रॉप करतं. व्हॉट्सॲपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" करून निश्चिंत होऊ नका, समोरच्याने तोवर सेव्ह केलेला असतो.

आधीच कुठेतरी पाठवून बसला असाल तर घाबरू नका, तपासा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या या चार क्रेडिट ब्युरोंकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सगळे एकदम काढू नका, तीन तीन महिन्यांनी एक काढला की वर्षभर लक्ष राहतं. रिपोर्टमध्ये अकाउंट्स तर बघाच, पण एन्क्वायरीचा भाग मुद्दाम बघा, कोणत्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला ते तिथे दिसतं, तुम्ही अर्जच केला नसेल तर तिथेच पकडता येतं. जीएसटी पोर्टलवर "सर्च बाय पॅन" मध्ये नंबर टाकून बघा, लॉगिनसुद्धा लागत नाही. एआयएसमध्ये अनोळखी भाडं किंवा पगार दिसला तर त्या ओळीवरच फीडबॅक देऊन नाकारता येतं, रिटर्न भरायच्या आधी करा.

खोटं लोन सापडलंच तर त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी ईमेल करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा (पैसे गेले असतील तर आधी 1930 वर फोन), आणि क्रेडिट ब्युरोकडे डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ब्युरोकडची ती तक्रार 30 दिवसांत सुटली पाहिजे, नाही सुटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे, ती मागा. तरीही कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही, फक्त आधीच्या तक्रारींचे नंबर आणि ईमेल जपून ठेवलेले पाहिजेत.