२०२१ ला रिक्षावाल्यांच्या मदतीचे दीड हजार का अडकले? फॉर्म नंतर, आधी आधार बघा

१३ एप्रिल २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोनाचे निर्बंध जाहीर केले तेव्हाच परवानाधारक रिक्षावाल्यांना १५०० रुपये देणार असं सांगितलं, मग मे महिन्यात ऑनलाइन फॉर्म सुरू झाले आणि तेव्हा आमच्या स्टँडवरच्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच मोबाईलवर भरले. दीड हजारात रिक्षाचा हप्ता पण निघत नव्हता हे मान्य, पण मिळत होते तर सोडायचे कशाला.

सगळ्यात जास्त गोची व्हायची ती आधारची. जो तो म्हणायचा, "अरे बँकेत दिलंय की आधार." ती दिलेली झेरॉक्स केवायसीची हो! सरकारी पैसे यायला खात्याला आधार लिंक लागतं ते वेगळं, त्याचा बँकेत वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. आणि तुमची चार खाती असली तरी असे सरकारी पैसे एकाच खात्यात येतात, ज्याला आधार शेवटचं लिंक केलं त्यात. आमचे एक काका रोज एका बँकेत पासबुक छापायला जायचे आणि पैसे येऊन पडले होते गॅस सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात, ते खातं काका विसरूनच गेलेले. म्हणून आधारच्या वेबसाइटवर जाऊन कुठली बँक लिंक आहे ते बघून घ्या. साधा फोन असेल तर तेव्हा *९९*९९*१# डायल करून लिंक आहे का नाही तेवढं तरी कळायचं. आणि ते खातं दोन वर्षं वापरलंच नसेल तर बंद पडलेलं असू शकतं, आधी ते चालू करून घ्या.

आता मोबाईल नंबर. आधारला जुनं, कधीच बंद झालेलं सिम जोडलेलं असेल तर ओटीपी येणार कुठे? त्यासाठी तेव्हा आधार केंद्रावर जावं लागायचं, २०२१ ला ५० रुपये लागायचे.

फॉर्ममध्ये गाडी नंबर, परमिट नंबर, लायसन नंबर कागद समोर ठेवूनच टाकायचे, पाठ आहे म्हणून नाही. बिल्ल्याचा नंबर म्हणजे परमिट नंबर नव्हे, ही चूक मी स्वतः दोनदा केलीय.

दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणाऱ्यांनी फॉर्म भरून उपयोग नव्हता, पैसे परमिट ज्याच्या नावावर त्यालाच. दिवसभर उन्हात रिक्षा चालवणार एक आणि मदत दुसऱ्याला, मला हे पटलं नाही, पण नियम तसा होता. मग मालकाशीच बोलायचं, आमच्याकडे दोघा मालकांनी चालवणाऱ्याला निम्मे दिले.

आणि "दोनशे द्या, लगेच पास करून देतो" म्हणणारे तेव्हा स्टँडवर फिरायचे, असल्यांना पैसे पण देऊ नका आणि ओटीपी तर अजिबात सांगू नका.