समलिंगी आणि पारलिंगी आयुष्यांवरचे सिनेमे घरच्यांसोबत पाहताना क्रम कसा लावावा

आईवडील, भावंडं किंवा सासरच्या मंडळींसोबत एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणाऱ्या) माणसांच्या विषयावरचे सिनेमे पाहायचे असतील, तर निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा. आठवड्याला एकच सिनेमा ठेवा. मधल्या दिवसांत प्रश्न वर येतात. बहुतेक घरांत पहिलाच बेत फसतो, कारण सुरुवातीला विनोदी सिनेमा लावला जातो. सगळे हसतात आणि बोलणं तिथेच संपतं.

सुरुवात 'साबर बोंडं'नं करा. रोहन परशुराम कानवडे यांच्या या मराठी सिनेमाला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मुंबईचा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी राहतो. नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात आणि बालमित्र बाळ्याशी त्याची जवळीक वाढत जाते. सुतकाचे नियम आणि भावकीचा जाच घरच्यांच्या परिचयाचे असल्यामुळे 'ही शहरी थेरं' हा आक्षेप टिकत नाही. आईला मुलाबद्दल आधीच ठाऊक आहे, ही त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट. त्यामुळे पाहणारे 'आता कळलं तर काय होईल' या धास्तीत अडकत नाहीत, माणसांकडे पाहतात. सिनेमा संथ आहे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शारीरिक जवळिकीचे प्रसंग आहेत, म्हणून आधी एकट्यानं पाहून घ्या.

दुसऱ्या आठवड्याआधी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आणि समलिंगी लग्न यांबद्दलच्या चार तारखा कागदावर लिहा. २ जुलै २००९: दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३: सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८: हे संबंध गुन्हा नाहीत, असं त्याच न्यायालयानं ठरवलं. १७ ऑक्टोबर २०२३: समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली.

हा कागद समोर ठेवून हंसल मेहतांचा 'अलीगढ' पाहा. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक रामचंद्र सिरस यांच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये माणसं कॅमेरा घेऊन घुसली, आणि निलंबन झालं सिरसांचंच. तेव्हा कायद्यानं समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हता, हे कागदावरून लगेच दिसतं. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना दिलासा दिला आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. नंतरची चर्चा 'त्यांचं बरोबर होतं का' इथून सुरू केली की भरकटते. 'त्यांच्या घरात शिरायचा हक्क कुणाला होता?' असं विचारा.

'बधाई दो' (२०२२) यानंतर लावा. डेहराडूनचा समलिंगी पोलीस आणि शाळेतली समलिंगी पीटी शिक्षिका घरच्यांच्या तगाद्यापायी एकमेकांशी लग्न करतात. हसू येतं, पण आता त्यामागची कोंडीही कळते.

इथे थोडं थांबा. कुणावर प्रेम आहे आणि आपण स्वतः पुरुष, स्त्री की आणखी कुणी आहोत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी हा घोळ होतोच, म्हणून 'ताली' (२०२३) वेगळ्या आठवड्यात ठेवा. रवी जाधव यांची ही सहा भागांची मालिका पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर आहे. मालिकेत येणारा, तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ एप्रिल २०१४चा. मुख्य भूमिकेत सुष्मिता सेन आहेत, त्या स्वतः पारलिंगी नाहीत. म्हणून गौरींची एखादी मुलाखतही लावा. 'जोगवा' (२००९) उत्तम सिनेमा आहे, पण सुरुवातीला नको: त्यातल्या तायप्पावर जोगतेपण (देवीला वाहिलेलं, स्त्रीवेषातलं आयुष्य) लादलेलं आहे, आणि तोच पहिला पाहिला तर सगळे तृतीयपंथी असेच घडतात, असा समज बसतो.

'माय ब्रदर... निखिल' (२००५) हा एचआयव्ही झालेल्या समलिंगी तरुणाचा सिनेमा गोव्यात घडतो. तो पाहताना एचआयव्ही कुणालाही होऊ शकतो, हे आधीच सांगा. जातीचा पदर समजायचा असेल तर 'अजीब दास्तान्स' या कथासंग्रही सिनेमातली नीरज घेवान यांची 'गीली पुच्ची' ही गोष्ट शेवटी पाहा.

सिनेमा संपल्यावर खोलीतल्या कुणालाही 'तुझंही असंच आहे का?' असं विचारू नका. कुणी आपणहून सांगितलं, तर त्यांच्या परवानगीशिवाय ती गोष्ट दुसऱ्या नातेवाइकाच्या कानावर घालू नका, अगदी चांगल्या हेतूनंही.