अमेरिकेतली नोकरी: ती जाण्याआधी आणि गेल्यावर

अमेरिकेतल्या ऑफर लेटरमध्ये पगार, बोनस, शेअर्स यांच्या खाली एक छोटा परिच्छेद असतो. आकडा बघून हरखलेला नवखा माणूस तो वाचायच्या भानगडीत पडत नाही. त्यात म्हटलेलं असतं की ही नोकरी ‘अ‍ॅट-विल’ आहे. म्हणजे कंपनी कधीही, कारण आणि नोटीस न देता तुम्हाला काढू शकते आणि तुम्हीही तसेच सोडून जाऊ शकता. मोंटाना सोडून सगळ्या राज्यांत मूळ नियम हाच. मोंटानात १९८७च्या कायद्यामुळे प्रोबेशननंतर काढायला सबळ कारण लागतं, पण आपल्यातलं मोंटानात जातंय कोण!

पुण्यात नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनल यांत मुरलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. माझी नोकरी गेली तेव्हा मी न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर होतो. सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, विषय नुसता ‘सिंक’. स्क्रीनवर मॅनेजरशेजारच्या चौकोनात एचआरची बाई दिसली आणि काय ते कळलं. मीटिंग संपली तेव्हा लॅपटॉप लॉक झालेला होता. पे-स्लिपा आणि आय-७९७ची (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याच्या सरकारी पत्राची) प्रत मी पहिल्यापासून घरी ठेवत आलो होतो, म्हणून पुढचं धावपळीचं काम निभावलं. तुम्हीही ठेवा. फक्त कंपनीचा कोड किंवा क्लायंटची माहिती चुकूनही स्वतःकडे पाठवू नका, ते उलटं अंगाशी येतं.

आता हक्कांचं. कारण न देता काढता येतं, पण वाटेल त्या कारणासाठी काढता येत नाही. वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून काढायला १९६४च्या नागरी हक्क कायद्याची बंदी आहे (कंपनीत किमान १५ माणसं हवीत). वयाची चाळीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी १९६७चा वेगळा कायदा आहे. आजारपणात किंवा बाळंतपणात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, मात्र कंपनी किमान पन्नास जणांची आणि तुमची नोकरी वर्षभराची हवी. भेदभावाची तक्रार केली म्हणून काढणं हेही बेकायदाच धरलं जातं, आणि माझ्या मते प्रत्यक्षात हेच कलम सर्वांत कामाचं आहे. कारण भेदभाव सिद्ध करणं महाकठीण, पण ‘मी अमुक तारखेला लेखी तक्रार केली आणि पुढच्या महिन्यात मला काढलं’ हे कागदावर दिसतं. म्हणून तक्रार करायची तर ईमेलवर. कॉफी पिता पिता मॅनेजरच्या कानावर घातलेल्या गोष्टीला पुढे कोणी विचारत नाही. ईईओसी या सरकारी संस्थेकडे जायची मुदत १८० दिवसांची, आणि न्यू जर्सीसारखी राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांची.

सहकाऱ्याशी पगाराबद्दल बोलायलाही आपली माणसं घाबरतात. १९३५च्या कामगार कायद्याने तो हक्क दिलेला आहे, फक्त मॅनेजर मंडळी त्यात येत नाहीत.

काढताना समोर सेव्हरन्सचा, म्हणजे जाताना द्यायच्या पैशांचा करार ठेवतात. पैसे द्यायची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. ते देतात ते बहुतेक वेळा ‘कंपनीवर दावा करणार नाही’ या तुमच्या सहीच्या बदल्यात. त्यामुळे तिथल्या तिथे सही करू नका. चाळीस किंवा त्याहून जास्त वय असेल तर विचार करायला २१ दिवस द्यावेच लागतात, सामूहिक कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. न्यू जर्सीत एप्रिल २०२३पासून मोठ्या कपातीत ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे आठवड्याचा पगार देणं बंधनकारक आहे. पण एकट्यादुकट्याला काढलं तर हे लागू होत नाही.

व्हिसावरच्या माणसाला मात्र या सगळ्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. नवी नोकरी धरायला किंवा देश सोडायला तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि आय-९४ (देशात राहायच्या परवानगीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. साधारणपणे मोजणी ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तिथून सुरू होते. सेव्हरन्सच्या रकमेने ती लांबत नाही. या मुदतीत नव्या कंपनीचा तुमच्यासाठीचा एच-वन-बी अर्ज मंजूर नव्हे, दाखल झाला तरी पुरतं. पण त्याआधी कंपनीने कामगार खात्याकडे करायच्या लेबर कंडिशन अर्जालाच कामाचे सात दिवस जातात, वकिलाची तयारी वेगळी. तेव्हा हातात ऑफर चाळिसाव्या दिवसापर्यंत हवी असं धरूनच चाला. आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल तर कंपनीने तो मागे घेतला तरी ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख सहसा शाबूत राहते. व्हिसाच्या मुदतीआधी काढलं म्हणून मायदेशी परतायचं ठरलं तर वाजवी प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असतो, पण फक्त तुमचा. बायकोमुलांची तिकिटं तुमच्या खिशातून.

राहिला आरोग्य विमा. बहुतेक ठिकाणी तो महिनाअखेरीस बंद होतो, काही ठिकाणी त्याच दिवशी. ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याखाली तोच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि घेतला तर विमा संपल्या तारखेपासून लागू होतो, हप्तेही तिथपासूनचे भरावे लागतात. आम्ही तो फॉर्म भरून, तारीख न घालता ड्रॉवरमध्ये ठेवला होता. पोरगा पडला-झडला असता तर लगेच पाठवला असता. नवा विमा सुरू झाला तेव्हा फाडून टाकला.