हिंसाचारानंतर गावाने निर्णय कसे घ्यावेत

अतिरेकी हल्ला कितीही लांब झालेला असो, त्याचे पडसाद मराठवाड्यातल्या आठवडी बाजारात उमटायला वेळ लागत नाही. सरपंच, मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि शांतता समितीचे सदस्य यांना त्या चार-आठ दिवसांत आधी कधी विचार न केलेले निर्णय तडकाफडकी घ्यावे लागतात. (एरवी ही समिती गणपती आणि ईद यांच्या आधी चहापुरती बसते, हे आपण आपसांत मान्य करायला हरकत नाही.)

प्रत्येक निर्णयाआधी एक प्रश्न विचारावा: हे बंधन आपण पदावर घालत आहोत की माणसावर? १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेला ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द राज्याचे वर्णन करतो. त्याचा अर्थ ‘निधर्मी’ असा लावून लोक उगाच बिचकतात. श्रद्धा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य त्याच उद्देशिकेने नागरिकाला दिले आहे. हिंसाचार झाला की ही वाटणी नेमकी उलटी होते. खुर्चीवरचा माणूस आपल्या धर्माची बाजू घेऊन बोलू लागतो आणि रस्त्यावरच्या माणसाने टोपी, बुरखा किंवा टिळा झाकून फिरावे अशी अपेक्षा केली जाते.

सर्वांत आधी येतो तो बहिष्काराचा ठराव. एका ग्रामसभेत मी हे जवळून पाहिले आहे. बाहेरगावच्या बागवानांना, म्हणजे मुस्लिम फळविक्रेत्यांना, बाजारात बसू द्यायचे नाही, अशी मागणी मागच्या रांगेतून आली आणि टाळ्याही पडल्या. ग्रामसेवकाने विरोधाचा एक शब्दही काढला नाही. त्याने इतिवृत्ताची वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि शांतपणे विचारले, “सूचक कोण, अनुमोदक कोण? पूर्ण नावे सांगा, लिहून घेतो.” मिनिटभर कोणी बोलले नाही, आणि मग पाणीपुरवठ्याचा विषय निघाला. हा मार्ग प्रत्येक वेळी चालेलच असे नाही, म्हणून सभेपूर्वी कायदा माहीत असावा: ग्रामपंचायत ही घटनेच्या अनुच्छेद १२ प्रमाणे ‘राज्य’ या व्याख्येत येते आणि अनुच्छेद १५ प्रमाणे राज्याला केवळ धर्माच्या कारणावरून नागरिकांत भेदभाव करता येत नाही. कोणाकडून फळे घ्यायची हे गिऱ्हाइकाने आपल्या घरी ठरवावे, परंतु ज्या पंचायतीची बाजारपावती फाडली जाते तिला तसे ठरवता येत नाही.

निषेधाचा ठराव अवश्य करावा, पण तो सगळ्या गावाचा एकच असावा. मशिदीच्या विश्वस्तांकडून, मठाकडून किंवा गुरुद्वाऱ्याकडून वेगळे निषेधपत्र मागणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली मागणे होय. ठरावात हल्लेखोरांचा आणि त्यांना चिथावणाऱ्या विचाराचा स्पष्ट शब्दांत धिक्कार करावा, तेथे गुळमुळीतपणा नको; मात्र तपास चालू असताना गुन्हा कोणत्याही समाजाच्या नावावर लिहू नये. नांदेडच्या पाटबंधारे नगरात २००६ च्या एप्रिलमध्ये स्फोट झाला आणि त्याचा निकाल २०२५ च्या जानेवारीत लागून हयात आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाला जेथे अठरा वर्षांहून अधिक काळ लागला, तेथे ग्रामसभेने अर्ध्या तासात निकाल देऊ नये. गावात कोणी शस्त्रे जमवत असल्याची किंवा पोरांना भडकवत असल्याची माहिती असेल, तर ती पोलिसांना न चुकता द्यावी, आणि ती त्या माणसाची व त्याच्या कृतीची द्यावी, वस्तीची देऊ नये.

परवानग्यांचा विषय सर्वांत नाजूक असतो. अनुच्छेद २५ ने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, त्यामुळे तणावाच्या काळात मिरवणुकीचा मार्ग किंवा वेळ बदलायला सांगणे गैर नाही. कारण मात्र जागेचे आणि वेळेचे लिहावे, उदाहरणार्थ बसस्थानकासमोरचा रस्ता अरुंद आहे आणि तेथे बंदोबस्त अपुरा पडतो. हरिनाम सप्ताह आणि उरुसाचा संदल यांचे अर्ज एकाच नमुन्यात घ्यावेत, एकाच फाइलीत लावावेत आणि दोन्हींना अटीही त्याच घालाव्यात. ध्वनिक्षेपकावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटेचा काकडा आणि फजरची अजान ही दोन्ही सहाच्या आत येतात, तेव्हा एका कर्ण्याची तक्रार आली तर दुसऱ्याचाही पंचनामा करण्याची तयारी ठेवावी. मोहरम ‘त्यांचा’ म्हणून रद्द करायला निघणाऱ्यांनी आधी सवारी कोण उचलते ते पाहावे. आपल्याकडे कित्येक गावांत तो मान हिंदू घराण्याकडे असतो.

शाळेत तर शिक्षक हेच राज्य असतात. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे अनुच्छेद २८ सांगतो. हिंसाचारानंतर मुलाकडून निष्ठेची घोषणा वदवून घेणेही टाळावे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, परंतु श्रद्धेमुळे न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली परत शाळेत घ्यायला लावले होते. एखादे मूल सलग तीन दिवस आले नाही, तर हजेरीवर लाल फुली मारून न थांबता वर्गशिक्षकाने त्याच्या घरी जावे आणि गणवेशाचा, परीक्षेचा काहीतरी साधा विषय काढावा.

शेवटी, तात्पुरत्या प्रत्येक बंधनाखाली संपण्याची तारीख लिहावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेशही, राज्य शासनाने मुदत वाढवल्याशिवाय, दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. गावाने घातलेल्या अटींचा फेरविचार पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आजच लिहून ठेवावा, आणि तो शक्यतो पहिल्या तीन विषयांत ठेवावा, कारण त्यानंतर लोक उठून जातात.