बांबूचं रोप घरी येण्याआधी

रोप आणायला निघण्याआधी वही आणि मोजपट्टी घेऊन बागेत जा, आणि जिथे बांबू हवा आहे तिथे पाच मिनिटं उभे राहा. तो कशासाठी हवा आहे हे पहिल्या ओळीत लिहा. समोरच्या खिडकीतून आपलं अंगण दिसू नये म्हणून आडोसा हवा असेल, दुपारचं ऊन अडवायचं असेल, किंवा पिवळ्या काठीवरची हिरवी रेघ डोळ्यांना आवडते एवढंच कारण असेल. तिन्ही कारणं चांगली आहेत, पण प्रत्येकाला बांबू वेगळा लागतो. आडोशाचा विचार असेल तर ती खिडकी जमिनीपासून किती उंचीवर संपते ते मोजून लिहून ठेवा. बऱ्याचदा ३ ते ४ मीटरचा दाट बांबू पुरतो, आणि माणसं मात्र १५ मीटर जाणारा घेऊन येतात, कारण पिशवीत दोन्ही सारखेच दिसतात.

बांबू हे गवत आहे. हे मनात पक्कं बसलं की तयारीची पुढची निम्मी यादी आपोआप कळते. झाडाचं खोड वर्षानुवर्षं जाड होत जातं, बांबूची काठी तशी होत नाही. कोंब ज्या जाडीचा जमिनीतून वर येतो, तीच काठीची कायमची जाडी. तो काही आठवड्यांत पूर्ण उंची गाठतो. मोठ्या जातींचे कोंब भर हंगामात एका दिवसात ९० सेंमीपर्यंतही वाढल्याची नोंद आहे. त्यानंतर ती काठी ना उंच होते, ना जाड. जाड होत जातं ते बेट: दरवर्षीचे नवे कोंब आदल्या वर्षीच्या कोंबांपेक्षा दणकट येतात, आणि बेटाचा खरा आकार दिसायला चार-पाच वर्षं सहज जातात. म्हणून रोप निवडताना उंच काठ्यांवर पैसे घालवू नका. कमरेएवढं पण भरघोस मुळांचं रोप डोक्यावर गेलेल्या किडकिडीत रोपापेक्षा केव्हाही चांगलं.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच बहुतेकांकडून राहून जाते. बांबूचं खरं खोड जमिनीखाली असतं, त्याला कंद म्हणतात. काही बांबूंचे कंद आखूड आणि जाड असतात; नवा कोंब जुन्याला जवळजवळ चिकटून येतो आणि बेट हळूहळू घेरात वाढतं. काहींचे कंद दोरखंडासारखे लांब, जमिनीच्या वरच्या थरातून आडवे पळत सुटतात आणि पेरापेरावरून, म्हणजे गाठीगाठीवरून, कोंब वर काढतात. पहिला बेटाचा बांबू, दुसरा पळता बांबू. बांबूच्या १,४००हून अधिक जाती आहेत, पण घरच्या बागेसाठी हा एक भेद कळला तरी निम्मं काम झालं.

रोपवाटिकेत ओळखायचं कसं? पिशवी किंवा कुंडी हळूच बाजूला सरकवून मुळांचा गड्डा बघायला मागा. बेटाच्या बांबूच्या काठ्या एकमेकींना खेटून असतात, कंद बोटाएवढा लांब, आल्यासारखा वळलेला दिसतो आणि टोकाशी काठी झालेला असतो. पळत्याचा कंद कुंडीच्या आतल्या कडेने गोल गोल फिरलेला दिसतो, पिवळट पांढरा, जवळजवळ पेरं असलेला. कधीकधी त्याचं टोक खालच्या भोकातून बाहेरही आलेलं असतं. ते टोक बोटाने चाचपून बघा. सुईसारखं टोकदार आणि कडक लागतं. एकदा हात लागला की ते किती लांब जाऊ शकतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शास्त्रीय नाव विचारा आणि वहीत लिहा. 'गोल्डन बांबू' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण त्या नावाने फायलोस्टॅकिस ऑरिया हा पळता बांबूही मिळतो आणि पिवळ्या काठ्यांचा बांबुसा व्हल्गॅरिसही मिळतो, जो बेटाचा असला तरी छोट्या अंगणासाठी फारच मोठा होतो. काळ्या काठ्यांचा फायलोस्टॅकिस नायग्रा देखणा आहे, पण पळता आहे. कुंपणाच्या दाट आडोशासाठी बांबुसा मल्टिप्लेक्स हा बेटाचा, बारीक पानांचा बांबू मला सर्वांत भरवशाचा वाटतो. थंड हवेच्या प्रदेशात फार्जेसियाच्या जाती चांगल्या, त्याही बेटाच्याच. पण कडक उन्हात त्या कोमेजतात. टेबलावर पाण्याच्या भांड्यात ठेवतात तो 'लकी बांबू' मात्र बांबू नव्हेच, ती ड्रसीना आहे. त्याच्या सवयींवरून बांबूचा अंदाज बांधू नका.

माझ्या पहिल्या बागेत मी नाव न विचारता आणलेलं रोप लावलं होतं. दोन वर्षं ते शांत होतं. तिसऱ्या वर्षी रोपापासून ३ मीटरवर, फरशीच्या दोन लाद्यांमधल्या फटीतून कोंब वर आला. धड काँक्रीट बांबू फोडत नाही, पण फट मिळाली की सोडत नाही. तो बांबू पूर्ण काढायला मला पुढची अडीच वर्षं लागली: कोंब दिसला की कापायचा, पुन्हा दिसला की पुन्हा कापायचा, कंदातला साठा संपेपर्यंत. म्हणून सांगतो, शेजाऱ्याची हद्द २-३ मीटरवर असेल तर पळता बांबू लावूच नका. काही ठिकाणी त्यावर कायद्याचीही बंधनं आहेत, ती आपल्या भागात आहेत का हे आधी विचारून घ्या. आणि बेटाचा लावणार असाल तरी शेजाऱ्यांच्या कानावर घाला. पानं त्यांच्याकडेही उडणार आहेत.

पळताच हवा असेल तर आधी अडथळा, मग रोप. हा क्रम उलटा करू नका. निदान १.५ मिमी जाडीची, ७५ सेंमी रुंदीची एचडीपीईची, म्हणजे टणक प्लॅस्टिकची, शीट लागते. पातळ प्लॅस्टिक, पत्रा किंवा विटांची रांग चालत नाही. प्लॅस्टिक टोचलं जातं, पत्रा गंजतो, विटांना सांधे असतात. साधारण ७० सेंमी खोल चर खणून शीट त्यात उभी करायची, वरची कड बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेली, म्हणजे कंद आदळला की खाली न जाता वर वळतो आणि दिसतो. ५ सेंमी कड जमिनीवर राहिली पाहिजे. ती दिसायला बरी नाही म्हणून मातीने किंवा पाचोळ्याने झाकली, की कंद वरून ओलांडून जातो. शीटची दोन टोकं जिथे भेटतात ती जागा सर्वांत कच्ची. तिथे चांगला एकावर एक भाग घेऊन धातूच्या पट्ट्या आणि बोल्टने घट्ट आवळा. तळ मोकळाच ठेवा, पाणी जायला हवं. तळाशी माती दाबून बसवा आणि वरचा थर भुसभुशीत ठेवा. कंद सोप्या मातीतून, म्हणजे वरून चालतो, आणि वर चालणारा कंद पकडता येतो. मग वर्षातून दोनदा कडेने फेरी मारून शीटवर चढू पाहणारी टोकं छाटायची. ही फेरी आयुष्यभराची आहे. ती जमणार नसेल तर आत्ताच बेटाचा बांबू घ्या.

जागेची तपासणी लवकर आटोपते. बहुतेक जातींना चार-पाच तासांचं ऊन लागतं. वरून विजेची तार जाते का, खालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी जाते का, छताची पन्हळ किंवा पोहण्याचा हौद जवळ आहे का, हे बघा. बांबू सदाहरित असला तरी वर्षभर पानं गाळतो. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं याचं माझं माप असं: बेट पूर्ण वाढल्यावरही त्याच्या मागे माणूस करवत घेऊन उभा राहू शकला पाहिजे. मध्यम जातीसाठी म्हणजे दीड मीटर तरी. भिंतीला चिकटून लावलेल्या बेटाची मागची बाजू कधीच साफ होत नाही, वाळक्या काठ्या तिथेच अडकून राहतात.

मातीसाठी एक साधी परीक्षा पुरते. ३० सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे मातीचा उंचवटा करून लावा. बांबूला पाणी खूप आवडतं, पण पाण्यात उभं राहणं सोसत नाही. किंचित आम्लधर्मी, ५.५ ते ६.५ सामूची (पीएच) माती त्याला सर्वांत मानवते.

लागवडीच्या दिवशी हाताशी काय हवं? कुदळ, फावडं, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आच्छादनासाठी वाळला पाचोळा, आधाराच्या काठ्या, मऊ सुतळी आणि भरपूर पाणी. आदल्या रात्री रोपाच्या कुंडीला भिजेपर्यंत पाणी द्या. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गड्ड्याएवढीच किंवा बोटभर जास्त. माती भरून पायाने हलकेच दाबा, पोकळ्या राहू देऊ नका. कुंपणासाठी लावताना दोन रोपांत मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवा. सुरुवातीला विरळ वाटेल, तरी मध्ये आणखी रोपं घुसवू नका. वारा असेल तर आधार द्यायलाच हवा, कारण रोप हललं की कंदातून नुकती फुटलेली मुळं तुटतात. वर ५ ते ८ सेंमी आच्छादन घाला.

पहिल्या वर्षाची तयारी म्हणजे पाण्याची तयारी. आठवड्यातून दोनदा तरी खोलवर पाणी मिळेल अशी सोय असू द्या, उन्हाळ्यात जास्त. मोजमापापेक्षा पानांवर विश्वास ठेवा. तहान लागली की बांबूचं पान लांबीच्या कडेने गुंडाळी करतं, सुरळीसारखं. पाणी दिल्यावर काही तासांत उलगडतं. सकाळी सकाळीच पानं मिटलेली दिसली तर रोप रात्रभर तहानलेलं आहे. गळून पडलेली पानं झाडून टाकू नका. त्यांत सिलिका असतं, ते कुजून परत बेटालाच मिळतं. खताचं म्हणाल तर गवताला जे लागतं तेच, म्हणजे नत्र. कोंबांच्या हंगामाआधी एकदा आणि वाढीच्या दिवसांत एकदा.

कुंडीत लावणार असाल तर निदान ५० सेंमी रुंदीची, जड बुडाची कुंडी घ्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी गड्डा बाहेर काढून करवतीने विभागायची मनाची तयारी ठेवा. ते अंगमेहनतीचं काम आहे, एकट्याने होत नाही.

छाटणीसाठी बारीक दातांची करवत, लांब दांड्याची कात्री, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वेगळे काढून ठेवा. कोंबांच्या आवरणावर बारीक तपकिरी लव असते, ती त्वचेत रुतते आणि दिवसभर खाजवते. तिसऱ्या वर्षापासून विरळणी सुरू करायची. कोणती काठी जुनी हे नंतर ओळखणं अवघड जातं, म्हणून दरवर्षीच्या नव्या काठ्यांवर खालच्या पेराशी वेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. रंगाची छोटी डबी आजच यादीत लिहा. नवी काठी तकतकीत असते, तिच्यावर पांढरी भुकटी आणि आवरणाचे अवशेष असतात. जुनी फिकट होते, तिच्यावर शेवाळाचे डाग पडतात. चार वर्षांहून जुन्या, वाळक्या आणि वाकड्या काठ्या काढा, पण एका वर्षात एक-तृतीयांशाहून जास्त नाही, आणि कोंब येत असताना मुळीच नाही.

काप कुठे घ्यायचा हे नीट बघा. जमिनीलगतच्या पेराच्या बरोबर वर, अगदी चिकटून. पेरापासून चार बोटं वर कापलं की तिथे पेल्यासारखा खळगा तयार होतो, त्यात पाणी साचतं, आठवड्याभरात डासांच्या अळ्या वळवळू लागतात आणि बुंधा कुजतो. उंची कमी करायची असेल तेव्हाही पेराच्या वरच कापा; ती काठी पुन्हा उंच होत नाही, खालून फक्त दाट होते.

भिंग असेल तर तेही जवळ ठेवा. पानावर फिकट, आखीव चौकडीसारखे ठिपके दिसले तर पान उलटून बघा. खाली बारीक जाळी आणि कोळी-कीड (माइट) असेल. बाधित काठ्या कापा, पानांच्या मागच्या बाजूला जोराने पाणी मारा. पानांवर काळी बुरशी दिसली तर ती मावा किंवा पिठ्या ढेकूण यांच्या चिकट स्रावावर वाढलेली असते, म्हणून बुरशीवर नव्हे, किडीवर इलाज करा.

बांबू फुलला तर मात्र इलाज नाही. बऱ्याच जाती काही दशकांतून एकदाच, अनेकदा एकाच वेळी फुलतात आणि त्यानंतर बेट मरतं. म्हणून लागवडीची तारीख आणि रोप कुणाच्या बेटातून आलं ते वहीत असू द्या. त्याच कुळातला बांबू कुठे फुलल्याचं कळलं, तर पुढची तयारी करता येते.

शेवटची नोंद उपटलेल्या कंदांची. पळत्या बांबूचे तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यात, नाल्यात किंवा मोकळ्या जमिनीवर टाकू नका. एका डोळ्यातूनही तो पुन्हा उभा राहतो. फरशीवर किंवा पत्र्यावर, मातीचा स्पर्श होणार नाही असे पसरा, आणि हाताने मोडल्यावर कडकन आवाज येईपर्यंत उन्हात वाळू द्या.