एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) नवीन लागलात तर आधी सेटलिंग टँक बघायला शिका

एन्व्हायर्नमेंटल करून मुंबईत एसटीपीच्या लाइनला लागणाऱ्या पोरांना वरळी, वांद्र्यासारखा मोठा प्लांट क्वचितच मिळतो, टॉवरच्या बेसमेंटमधला छोटा मिळतो, माझंही तसंच झालं. तिथली तक्रार ठरलेली, सेटलिंग टँकमधून, म्हणजे गाळ खाली बसून वरचं स्वच्छ पाणी बाहेर पडतं त्या टाकीतून, पाण्याबरोबर गाळ जातोय. मग कोणी म्हणणार पॉलिमर (गाळाचे कण एकत्र चिकटवणारं केमिकल) टाका, कोणी म्हणणार टँकच लहान पडतोय.

थांबा जरा. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये एरेशन टँकमधलं (जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी घ्या आणि ३० मिनिटं हात लावू नका. गाळ ३०० एमएलवर बसला आणि एमएलएसएस (त्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम गाळ) ३००० असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती एमएल जागा घेतो) १००, म्हणजे गाळ चांगला बसतोय. १५० च्या वर गेला की संशय घ्यायचा. गाळ बसायलाच तयार नसेल तर तेच पाणी अर्धं घेऊन त्यात सेटलिंग टँकमधून बाहेर पडणारं स्वच्छ पाणी घाला नि परत बघा, आता भराभर बसला तर गाळ नुसता जास्त झालाय, काढून टाका, तरी रेंगाळला तर फिलामेंटवाले (धाग्यासारखे वाढणारे) बॅक्टेरिया असणार, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) तपासा. सिलिंडर लगेच धुऊ नका हां, तासदोन तासांनी बसलेला गाळ गठ्ठ्याने वर आला तर ते डीनायट्रिफिकेशन, नायट्रोजनचे बुडबुडे त्याला उचलतात, अशा वेळी सेटलिंग टँकच्या तळाशी गाळ फार वेळ पडून राहतोय का बघा आणि रिटर्न (तिथून एरेशन टँकमध्ये परत पाठवायचा गाळ) वाढवा.

पण बेसमेंटमध्ये मला जास्त वेळा सापडलेला दोष म्हणजे फीड पंप, प्लांटला सांडपाणी पुरवणारा. समजा रोजचे १०० घनमीटर आणि सेटलिंग टँकचा वरचा एरिया ५ चौरस मीटर, कागदावर ओव्हरफ्लो रेट (दर चौरस मीटरमागे दिवसाला किती घनमीटर) २० येतो, मस्त. पंप मात्र तासाला १५ घनमीटरचा आणि फ्लोटवर (पाण्याच्या पातळीप्रमाणे) चालू-बंद होणारा, म्हणजे चालू असताना तोच रेट ७२! गाळ उधळणारच. जास्तीचं पाणी व्हॉल्व्हने परत इक्वलायझेशन टँकमध्ये (आलेलं सांडपाणी आधी साठवतात त्या टाकीत) सोडा आणि टँकला दिवसभर थोडं थोडं फीड द्या. पंप रात्री कितीदा चालतो हे लॉगबुकात नसतं, ऑपरेटर मामांना विचारा.

एवढं करूनही गाळ एकाच बाजूने जात असेल तर व्ही-नॉचची पट्टी (टँकच्या कडेची V आकाराच्या खाचांची पट्टी) लेव्हलला आहे का ते बघा, पाणी सगळ्या खाचांमधून सारखं पडायला हवं. वाकडी असली तर लेव्हल ट्यूब लावून नटबोल्ट परत आवळून घ्या.