स्प्रेडशीटला कोडची जोड देताना या चुका टाळा

सूत्रे अपुरी पडू लागली की व्हीबीए (एक्सेलमधली अंगभूत प्रोग्रॅमिंग भाषा) किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेकडे वळणे योग्यच आहे. मात्र त्यानंतर होणाऱ्या चुका इतक्या ठरावीक असतात की त्या पुन्हा पुन्हा पाहून मन विटते.

सर्वांत घातक चूक म्हणजे मॅक्रोच्या, म्हणजे व्हीबीएत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, सुरुवातीलाच ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (एरर आला तरी पुढच्या विधानावर जा) लिहून मोकळे होणे. या ओळीने एरर दूर होत नाही, दडपला जातो. एका कार्यालयात खर्चाची बेरीज दर महिन्याला प्रत्यक्षापेक्षा जास्त येत होती आणि मॅक्रो मात्र विनातक्रार चालत होता. एफ८ दाबत एकेक ओळ चालवून पाहिल्यावर उलगडा झाला. रकमेच्या कॉलममध्ये काही ठिकाणी ‘प्रलंबित’ असा मजकूर होता. त्याची संख्या होऊ शकत नसल्याने ते विधान गुपचूप वगळले जाई, व्हेरिएबलमध्ये (रक्कम तात्पुरती ठेवण्याच्या जागेत) आधीच्या नोंदीची रक्कम तशीच राही आणि तीच बेरजेत दुसऱ्यांदा मिळवली जाई. ती ओळ काढताच एरर १३, म्हणजे ‘टाइप मिसमॅच’ (डेटाचा प्रकार न जुळणे), नेमक्या जागी समोर आला. ही ओळ वापरावीच लागली तर मी ती एकाच विधानापुरती वापरतो आणि लगेच खाली ‘ऑन एरर गोटू झिरो’ लिहितो, म्हणजे पुढचे एरर पुन्हा दिसू लागतात. घाईने केलेला आणि एरर आला तरी कधीच न थांबणारा मॅक्रो मला एररवर थांबणाऱ्या मॅक्रोपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक वाटतो.

दुसरी चूक डेटाचा प्रकार सॉफ्टवेअरच्या अंदाजावर सोडण्याची. पांडाजने (डेटा हाताळण्याच्या पायथन लायब्ररीने) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराची, फाइल थेट वाचली की ‘००४२’ या संकेतांकाचा ४२ होतो. एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा केल्यामुळे २०२० मध्ये ‘मार्च१’सारखी नावेच बदलण्यात आली, इतका हा त्रास जुना आणि व्यापक आहे. संकेतांकाचे कॉलम वाचतानाच मजकूर म्हणून घोषित करावेत. एकदा गळालेली शून्ये नंतर अंदाजाने जोडणे मला मान्य नाही.

व्हीबीएत ओळींचा क्रमांक ‘इंटिजर’ या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवू नये, त्याची मर्यादा ३२,७६७ आहे आणि शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, म्हणून ‘लाँग’ हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरावा.

एकेक सेल वाचणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) हळू चालतो म्हणून नवशिके संगणकाला दोष देतात. त्याऐवजी संपूर्ण रेंज (सेलचा पट्टा) एकदाच अ‍ॅरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत, घेऊन, हिशेब करून, एकदाच परत लिहावी.

ओपनपायएक्सएल या एक्सेल फाइली हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीमध्ये ‘डेटा ओन्ली’ पर्यायाने उघडलेली फाइल त्याच नावाने सेव्ह केली, तर सूत्रे जाऊन केवळ त्यांची उत्तरे उरतात. एक्सेलमध्ये मॅक्रोने शीट बदलल्यावर ‘अनडू’ही सहसा कामी येत नाही. त्यामुळे मूळ डेटाच्या शीटवर मी कोडला लिहूच देत नाही; निष्कर्ष नेहमी वेगळ्या फाइलमध्ये जातात.